नोकरी गेली, तळघरात बूट दुरुस्त केले आणि तिथेच एक खेळ लिहिला : गॅरी गायगॅक्सची गोष्ट

'स्ट्रेंजर थिंग्स'चा पहिला एपिसोड आठवतोय का? २०१६ साली ही सिरीज नेटफ्लिक्सवर आली. पहिल्याच भागात चार पोरं घराच्या तळघरात टेबलाभोवती बसलेली दिसतात. टेबलावर कागद, पेन्सिली आणि विचित्र आकाराचे फासे पडलेत. एक जण गोष्ट सांगतोय, राक्षस आलाय म्हणतोय आणि बाकीचे आता करायचं काय यावर भांडतायत. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे नाव आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी पहिल्यांदा तिथेच ऐकलं.

आता २०२३ सालात या. त्या वर्षी 'बाल्डर्स गेट ३' नावाचा व्हिडिओ गेम आला आणि 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये थेट 'गेम ऑफ द इयर' ठरला. गंमत म्हणजे या गेममध्ये घाई अजिबात नाही. लढाई सुरू झाली की आळीपाळीने डाव खेळायचा. तुमचा डाव आला की गेम थांबून राहतो, तुम्ही चहा पिऊन आलात तरी चालतं. बंद दार उघडायचं असो की पहारेकऱ्याला थाप मारायची असो, स्क्रीनवर वीस बाजूंचा फासा गरगरतो आणि जे दान पडेल त्यावर पुढचं ठरतं.

एका बाजूला दहा मिनिटांत मॅच संपवणारे मोबाइल गेम, दुसऱ्या बाजूला शंभर-शंभर तास खाणारा हा निवांत कारभार. तरीही लोक तो खेळतायत. हे असं का होतं, हे समजून घ्यायचं असेल तर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या एका छोट्या गावात जावं लागतं. गावाचं नाव लेक जिनिव्हा आणि माणसाचं नाव गॅरी गायगॅक्स.

शाळा सोडलेलं पोरगं

२७ जुलै १९३८ रोजी शिकागोत गॅरीचा जन्म झाला. पूर्ण नाव अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स. वडील स्वित्झर्लंडहून अमेरिकेत आलेले. ते व्हायोलिन वाजवायचे आणि शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रामध्येही त्यांनी वाजवलं होतं. रात्री झोपताना ते पोराला जादूगारांच्या आणि राजांच्या गोष्टी सांगायचे. गॅरीच्या डोक्यात गोष्टींचं वेड शिरलं ते तिथून.

गॅरी आठेक वर्षांचा असताना शिकागोत पोरांच्या टोळ्यांमध्ये मोठी मारामारी झाली, त्यात तोही होता. घरच्यांनी ठरवलं की इथे पोरगं हाताबाहेर जाईल. १९४६ साली कुटुंब आईच्या माहेरी, लेक जिनिव्हाला राहायला आलं. तळ्याकाठचं शांत गाव, शेजारीपाजारी मित्र आणि हातात स्वस्त मासिकं. त्या मासिकांमध्ये रॉबर्ट हॉवर्डचा कॉनन असायचा, पुढे जॅक व्हान्स आणि फ्रिट्झ लायबर यांच्या कथा आल्या. गॅरी बुद्धिबळ खेळायचा, मित्रांसोबत खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाया लावायचा आणि अभ्यासात मात्र त्याचं लक्ष नसायचं.

१९५६ च्या जानेवारीत वडील गेले. गॅरी तेव्हा १७ वर्षांचा होता. त्याने शाळा अर्धवट सोडली. सैन्यात मरीन्समध्ये भरती झाला, पण न्यूमोनियामुळे तिथूनही लवकरच घरी परत आला. १९५८ साली मेरी जो पॉवेलशी त्याचं लग्न झालं. पुढे पाच मुलं झाली. घर चालवायला त्याने शिकागोत विमा कंपनीत नोकरी धरली. एखाद्या माणसाचा विमा उतरवायचा तर धोका किती, शक्यता किती, हप्ता किती, हे आकडे मांडायचं त्याचं काम होतं.

हे काम लक्षात ठेवा. शक्यतेचं गणित त्याला पुढे भलत्याच ठिकाणी उपयोगी पडलं.

तळघरातली युद्धं

१९५८ च्या डिसेंबरमध्ये गॅरीच्या हातात 'गेटिसबर्ग' नावाचा बोर्ड गेम पडला. ॲव्हलॉन हिल कंपनीचा हा खेळ अमेरिकन यादवी युद्धातल्या एका लढाईवर होता. नकाशावर सैन्याच्या तुकड्या मांडायच्या, फासा टाकायचा आणि इतिहासात हरलेल्याला जिंकवून दाखवायचं. अशा खेळांना वॉरगेम म्हणतात. गॅरी या खेळात पुरता बुडाला.

पुढे तो पुन्हा लेक जिनिव्हाला राहायला आला आणि तिथून नोकरीसाठी शिकागोला ये-जा करू लागला. सुट्टीच्या दिवशी घराच्या तळघरात वाळूचं मोठं टेबल मांडलेलं असायचं, त्यावर सैनिक मांडून लढाया चालायच्या. देशभरातल्या वॉरगेमवाल्यांशी त्याचा पत्रव्यवहार चालायचा. १९६७ साली त्यातले वीसेक जण त्याच्या घरी जमले. पुढच्या वर्षी घर पुरणार नाही म्हणून त्याने गावातला हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेतला. या जत्रेला नाव पडलं जेन कॉन. ही जत्रा आजही इंडियानापोलिस शहरात दरवर्षी भरते आणि हजारोंनी लोक येतात.

१९६९ च्या जेन कॉनमध्ये मिनेसोटाहून आलेला एक कॉलेजचा पोरगा गॅरीला भेटला, त्याचं नाव डेव्ह अर्नेसन. या नावाशिवाय पुढची गोष्ट पूर्ण होत नाही.

नोकरी गेली

१९७० साली गॅरीची विमा कंपनीतली नोकरी गेली. वय ३२, पदरात मुलं आणि हातात ना डिग्री ना शिल्लक. त्याने दुसरी साहेबी नोकरी शोधण्यापेक्षा तळघरात बूट दुरुस्तीचं काम सुरू केलं. पैसे कमी मिळायचे, पण वेळ हाताशी राहायचा. त्या वेळात तो खेळांचे नियम लिहायचा.

१९७१ साली जेफ पेरन या मित्रासोबत लिहिलेलं 'चेनमेल' हे नियमांचं पुस्तक छापून आलं. विषय होता मध्ययुगीन सैन्यांच्या लढाया. नुसते भाले-ढाली घेऊन लढून पोरं कंटाळतात, हे गॅरीने पाहिलं होतं. म्हणून पुस्तकाच्या शेवटी त्याने एक जोडपत्र दिलं. त्यात ड्रॅगन होते, जादूगार होते, एकटा अनेक जणांना भारी पडणारा वीर होता. जादूगाराचा आगीचा गोळा कसा फुटेल? तर किल्ल्यावर दगड फेकणाऱ्या यंत्राचे नियम उचलून त्याने या गोळ्याला लावले. जुन्या जाणत्या खेळाडूंनी नाकं मुरडली, पण पोरांना खेळायचं होतं ते हेच.

मिनेसोटातून आलेली कल्पना

'चेनमेल' तिकडे अर्नेसनच्या हातात पडलं. त्याच्या मित्रमंडळात आधीच एक वेगळा प्रयोग झाला होता. डेव्ह वेस्ली नावाच्या मित्राने एका खेळात प्रत्येक भिडूला अख्खं सैन्य न देता एकेक माणूस दिला होता. कोणी महापौर, कोणी विद्यार्थी, कोणी अधिकारी. अर्नेसनने ही कल्पना पकडली आणि 'ब्लॅकमूर' नावाचं स्वतःचं जग उभं केलं.

ब्लॅकमूरमध्ये किल्ल्याखाली भुयारं होती. प्रत्येक भिडू एका पात्राच्या भूमिकेत त्या भुयारात उतरायचा. एक जण पंच असायचा, समोर काय दिसतंय हे तो सांगायचा. मुख्य म्हणजे आजचा डाव संपला तरी पात्र संपायचं नाही. पुढच्या आठवड्यात तेच पात्र, त्याच जखमा आणि मिळवलेला तोच खजिना घेऊन पुढे जायचं. अनुभव वाढला की पात्र तगडं व्हायचं. एका फटक्यात मरू नये म्हणून अर्नेसनने 'हिट पॉइंट' आणले. ही युक्ती त्याने जहाजांच्या लढायांच्या खेळातून घेतली होती, कारण जहाज एका गोळ्यात बुडत नाही. आज मोबाइल गेममध्ये डोक्यावर जी हेल्थची पट्टी दिसते, तिचं मूळ असं जहाजांपर्यंत जातं.

१९७२ च्या अखेरीस अर्नेसन लेक जिनिव्हाला आला आणि गॅरीच्या टेबलावर त्याने हा खेळ खेळून दाखवला. गॅरीला कळलं की हे काहीतरी वेगळं आहे. त्याने अर्नेसनकडून टिपणं मागवली आणि टाइपरायटरवर बसला. आधी ५० पानांचा मसुदा झाला, मग १५० पानांचा.

खेळ तपासायला घरचीच मंडळी होती. मुलगा अर्नी आणि मुलगी एलिस हे पहिले भिडू. गॅरीने ग्रेहॉक नावाचा किल्ला कल्पिला आणि पोरांना त्याच्या तळघरात उतरवलं. तिथे मोठाल्या गोमा निघाल्या, मग तांब्याच्या नाण्यांनी भरलेली पेटी सापडली, पण ती इतकी जड की उचलून नेणंच जमेना. पोरांना झोपायला पाठवून गॅरी किल्ल्याचा पुढचा मजला आखायला बसला. लवकरच गावातली मुलं आणि मित्र रांगा लावू लागले.

पण नियम लिहायचे कशाला?

लहानपणी आपण सगळेच भूमिका करत होतो. भातुकलीत आई-बाबा व्हायचो, चोर-पोलीस खेळायचो. पण चोर-पोलीस खेळताना एक भांडण हमखास व्हायचं. एक म्हणायचा तुला गोळी लागली, दुसरा म्हणायचा लागलीच नाही. मग ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याची बॅट, त्याचं खरं.

गॅरी आणि अर्नेसनच्या खेळाने हे भांडण मिटवलं. तलवार लागली की नाही हे फासा ठरवणार. पण फाशावर सगळं सोडलेलंही नाही. तुमच्या पात्राची ताकद किती, चपळाई किती, समोरच्याचं चिलखत किती जाड, हे आकडे आधी लिहिलेले असतात. सहा आकडे पात्राचा स्वभाव आणि शरीर सांगतात : शक्ती, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा आणि छाप पाडण्याची ताकद. कमकुवत पात्रही नशिबाने जिंकू शकतं, पण कसलेल्या पात्राची जिंकण्याची शक्यता जास्त. विमा कंपनीत शक्यतेची गणितं मांडणाऱ्या माणसाला हे बसवायला अवघड गेलं नाही.

फासेही नेहमीचे सहा बाजूंचे नव्हते. शाळांना गणिताचं साहित्य पुरवणाऱ्या कॅटलॉगमध्ये गॅरीला चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचे फासे सापडले होते. तेच त्याने खेळात आणले.

आणि या खेळात कोणी जिंकत नाही. सगळे भिडू एकाच बाजूला. तलवारबाजाला जखमा भरणाऱ्याची गरज, जादूगाराला तलवारबाजाच्या आडोशाची गरज. एकट्याने निभावणं अवघडच. बुद्धिबळात समोरच्याला हरवल्याशिवाय मजा नाही, इथे सोबतच्याला वाचवल्याशिवाय मजा नाही.

हजार बॉक्स आणि एक मृत्यू

प्रकाशक मिळेना. हरणं-जिंकणं नसलेला, बोर्डही नसलेला खेळ कोण विकत घेणार? शेवटी १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये गॅरी आणि त्याचा बालमित्र डॉन के यांनी स्वतःच कंपनी काढली. नाव टॅक्टिकल स्टडीज रूल्स, म्हणजे टीएसआर. डॉनने आपल्या विम्यावर कर्ज काढून १००० डॉलर घातले. तेवढ्यात भागेना म्हणून ब्रायन ब्लूम हा तिसरा भागीदार २००० डॉलर घेऊन आला.

१९७४ च्या जानेवारीत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आलं. लाकडी रंगाचा पुठ्ठ्याचा बॉक्स, आत तीन पुस्तिका, किंमत १० डॉलर. एकूण प्रती १०००. बॉक्स चिकटवण्याचं, पुस्तिका भरण्याचं काम घरच्या घरी चालायचं. जाहिरात जवळपास नव्हतीच. एकाने दुसऱ्याला खेळून दाखवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. वर्षभरात हजार प्रती संपल्या.

धंद्याची गाडी रुळावर येतेय असं वाटत असतानाच ३१ जानेवारी १९७५ रोजी डॉन के हृदयविकाराने गेला. वय अवघं ३६. मित्र गेलाच, पण त्याचा हिस्सा विकत घेण्याइतके पैसेही गॅरीकडे नव्हते. ते पैसे ब्लूम कुटुंबाने घातले. या सगळ्यात गॅरीचा हिस्सा ३५ टक्क्यांच्या आसपास आला. खेळ त्याचा, नाव त्याचं, पण कंपनीतलं बहुमत दुसऱ्यांचं. तेव्हा त्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही.

खेळ कुणाचा?

१९७७ ते १९७९ दरम्यान गॅरीने नियमांची मोठी आवृत्ती लिहिली, 'ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स'. जाडजूड पुस्तकं, शेकडो राक्षस, तक्त्यांवर तक्ते. पहिल्या बॉक्सवर गायगॅक्स आणि अर्नेसन ही दोन्ही नावं होती. नव्या आवृत्तीवर अर्नेसनचं नाव नव्हतं आणि रॉयल्टीही नव्हती. अर्नेसन १९७६ सालीच कंपनीतून बाहेर पडला होता. १९७९ साली तो कोर्टात गेला आणि १९८१ साली तडजोड झाली.

आज बहुतेक अभ्यासक दोघांनाही जनक मानतात. भुयारात उतरणारं, आठवड्यागणिक वाढणारं पात्र अर्नेसनने आणलं. ते अनोळखी माणसालाही पुस्तक वाचून खेळता येईल, असं गॅरीने लिहून काढलं. एकाशिवाय दुसऱ्याचं काम घराबाहेर पडलंच नसतं. एकमेकांना सांभाळून घ्यायला शिकवणाऱ्या खेळाचे दोन निर्माते मात्र श्रेयावरून भांडले, ही या गोष्टीतली सगळ्यात कडू बाजू.

सैतानाचा खेळ म्हणून बदनामी

१९७९ च्या ऑगस्टमध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतला १६ वर्षांचा एक हुशार विद्यार्थी बेपत्ता झाला. त्याला शोधायला नेमलेल्या खासगी डिटेक्टिव्हने शंका मांडली की हा पोरगा युनिव्हर्सिटीखालच्या वाफेच्या पाइपांच्या बोगद्यांत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळताना हरवला असावा. पेपरवाल्यांनी ही शंका मथळ्यांवर चढवली. प्रत्यक्षात तो मुलगा मानसिक ताणाखाली होता, घर सोडून गेला होता आणि नंतर सापडला. पुढच्या वर्षी त्याने आपलं आयुष्य संपवलं. खेळाचा त्याच्याशी संबंध नव्हता हे पुढे त्या डिटेक्टिव्हच्याच पुस्तकातून स्पष्ट झालं, पण तोवर ते पुस्तक १९८४ साली यायचं होतं.

मधल्या काळात वातावरण तापलं. १९८२ साली याच धर्तीवर 'मेझेस अँड मॉन्स्टर्स' नावाचा टीव्ही सिनेमा आला, त्यात तरुण टॉम हँक्स होता. चर्चमधून आणि पालकांच्या संघटनांकडून आरोप झाले की हा खेळ पोरांना सैतानाची पूजा शिकवतो. १९८५ साली 'सिक्स्टी मिनिट्स' या मोठ्या टीव्ही कार्यक्रमात गॅरीला उत्तरं द्यायला बसावं लागलं. त्याला धमक्या येत होत्या, सोबत अंगरक्षक ठेवायची वेळ आली होती. मुलांच्या दुःखाची खरी कारणं शोधणं अवघड असतं, खेळावर खापर फोडणं सोपं. मोबाइल गेमबद्दलच्या बातम्या वाचताना हे आजही आठवायला हरकत नाही.

बदनामीने खप कमी झाला का? उलट वाढला.

स्वतःच्याच कंपनीतून बाहेर

पैसा आला तशी उधळपट्टीही आली. ब्लूम बंधूंच्या काळात कंपनीने अगदी भरतकामाचं साहित्य विकणारा धंदाही विकत घेतला. गॅरीला हॉलिवूडला पाठवण्यात आलं. तिथे त्याने खेळावरची कार्टून मालिका उभी केली, ती १९८३ साली सीबीएसवर आली. बेव्हर्ली हिल्समध्ये मोठा बंगला भाड्याने घेतलेला, पार्ट्या चाललेल्या. मेरी जोसोबतचं लग्नही याच काळात मोडलं.

गॅरी परत आला तेव्हा कंपनीवर १५ लाख डॉलरचं कर्ज झालं होतं. त्याने घाईने नवी पुस्तकं काढली, ती खपली, कंपनी सावरायला लागली. कारभार सांभाळायला त्याने लोरेन विल्यम्स या बाईंना आणलं. मग ब्लूम बंधूंनी आपले शेअर विल्यम्सना विकले. २२ ऑक्टोबर १९८५ च्या बैठकीत गॅरीला अध्यक्षपदावरून काढलं गेलं. तो कोर्टात गेला, हरला आणि पुढच्या वर्षी उरलेले शेअर विकून बाहेर पडला. ग्रेहॉकचे हक्कही कंपनीकडेच राहिले. पोरांना झोपायला पाठवून आखलेल्या त्या किल्ल्यावर आता दुसऱ्याची मालकी होती.

त्याने नवा खेळ लिहिला, तर टीएसआरने त्याच्यावर दावा लावला. ते प्रकरण तडजोडीने मिटलं आणि तो खेळच टीएसआरने विकत घेऊन बाजूला ठेवला.

तोवर खेळ कॉम्प्युटरमध्ये शिरला होता

कंपनीत हे राजकारण चालू असताना खेळ मात्र कुणाच्याच ताब्यात राहिला नव्हता. १९७५ सालीच इलिनॉयमधल्या विद्यापीठांतल्या प्लेटो या कॉम्प्युटर सिस्टिमवर पोरांनी भुयारांचे गेम लिहिले होते. त्यातल्या एकाचं नाव 'पेडिट५' असं रुक्ष ठेवलं होतं, कारण अभ्यासाची फाइल वाटली तर ती कोणी उडवणार नाही. तरीही ती उडवली गेलीच.

१९८१ साली 'विझर्डरी' आणि 'अल्टिमा' आले. दोन्ही गेम बनवणारे टेबलावरच्या खेळावर वाढलेले. हे गेम जपानमध्ये पोहोचले आणि युजी होरीने त्यावरून १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' बनवला. १९८७ साली 'फायनल फँटसी' आला, त्यातले बरेच राक्षस थेट गॅरीच्या पुस्तकांतून आलेत असं वाटावं इतके जवळचे. मग १९८८ साली अधिकृत परवान्याचा 'पूल ऑफ रेडियन्स' आणि १९९८ साली बायोवेअरचा 'बाल्डर्स गेट'.

पंचाच्या जागी कॉम्प्युटर आला. बाकी सगळं तेच राहिलं. लेव्हल, एक्सपी, हिट पॉइंट, चार-पाच जणांची टोळी, भुयार, खजिना. क्रिकेटच्या गेममध्ये, कार रेसिंगमध्ये, भाषा शिकवणाऱ्या ॲपमध्येही आज लेव्हल वाढतात. त्या शब्दामागे दोन माणसांचं टेबल आहे, हे आपल्याला माहीत नसतं इतकंच.

मग आजही का खेळतात?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. ग्राफिक्स कैक पटींनी सुधारले, फोन वेगवान झाले, तरी आळीपाळीने डाव टाकायचे गेम का चालतात? 'पर्सोना ५', 'ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर', २०२५ साली आलेला फ्रान्सचा 'क्लेअर ऑब्स्क्युअर', सगळ्यांमध्ये हाच जुना सांगाडा आहे.

पहिलं कारण, विचाराला वेळ. बोटं किती वेगात चालतात यावर इथे जिंकणं अवलंबून नाही. दिवसभर ऑफिस करून आलेला, रिफ्लेक्स मंदावलेला माणूसही नीट डोकं लावून खेळू शकतो.

दुसरं, निर्णय तुमचा. पहारेकऱ्याला मारा, पटवा किंवा मागच्या खिडकीतून आत शिरा. परिणाम मात्र भोगावे लागतात. फासा उलटा पडला तर प्लॅन बोंबलतो आणि अनेकदा तीच गोष्ट मित्रांना सांगण्यासारखी होते.

तिसरं कारण सगळ्यात मोठं. या गेममध्ये मेहनत मोजली जाते. आज दहा उंदीर मारले तर दहा उंदरांचे पॉइंट मिळतात. पुरेसे झाले की लेव्हल वाढते, कालपर्यंत न झेपणारा शत्रू आज झेपतो. नियम सगळ्यांना सारखा, ओळखीपाळखी चालत नाहीत. खऱ्या आयुष्यात असं कुठे होतं? परीक्षा होते पण निकाल लागत नाही, काम वाढतं पण पगार वाढत नाही, रात्र जागून प्रोजेक्ट पूर्ण करावं आणि नाव दुसऱ्याचं लागावं. म्हणून थकलेली माणसं शंभर तासांच्या गेममध्ये शिरतात, तेव्हा त्याला निव्वळ पळवाट म्हणणं अर्धवट आहे. केलेल्या कामाचा हिशोब मिळेल अशी जागा ती शोधत असतात.

गॅरीचं स्वतःचं आयुष्य पाहा. नोकरी एका दिवसात गेली, मित्र ३६ व्या वर्षी गेला, उभी केलेली कंपनी एका बैठकीत गेली. आणि अर्नेसनच्या बाबतीत श्रेय अडवणाऱ्यांमध्ये तो स्वतःही होता. जो न्याय त्याने कागदावर लिहिला, तो त्याला मिळाला नाही आणि त्याला नेहमी देताही आला नाही.

शेवटचा डाव

१९९७ साली टीएसआर डबघाईला आली आणि 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने ती विकत घेतली. नव्या मालकांनी गॅरीशी तुटलेले संबंध पुन्हा जोडले. २००० साली 'फ्युचरामा' या कार्टूनमध्ये तो स्वतःच्याच भूमिकेत फासे टाकताना दिसला. त्याचा आवाज 'डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन' या गेममध्येही आहे.

२००४ साली त्याला पक्षाघाताचे झटके आले. सिगारेट सुटली, काम कमी झालं, पण खेळ सुटला नाही. लेक जिनिव्हातल्या घरी दर आठवड्याला भिडू जमायचे, अगदी २००८ च्या जानेवारीपर्यंत. ४ मार्च २००८ रोजी गॅरी गेला. वय ६९. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये डेव्ह अर्नेसनही गेला. शेवटच्या वर्षांत तो फ्लोरिडात विद्यार्थ्यांना गेम डिझाइन शिकवायचा.

जाता जाता एक किस्सा. गॅरीचा धाकटा मुलगा ल्यूक लहानपणी खेळायला बसला तेव्हा त्याच्या पात्राला नावच नव्हतं. कागदावर पुरुष या अर्थी 'एम' आणि जमात म्हणून 'एल्फ' एवढंच लिहिलेलं. दोन्ही जोडून नाव झालं मेल्फ. बापाने पुढे त्या नावाचा एक मंत्रच पुस्तकात घातला, आम्लाचा बाण सोडणारा.

'बाल्डर्स गेट ३' तुमच्याकडे असेल तर जादूगाराच्या मंत्रांची यादी उघडून बघा. मेल्फचा तो बाण तिथे अजून आहे. किल्ला गेला, कंपनी गेली, पण घरातल्या टेबलावर पोराने घेतलेलं नाव राहिलं.